त्वचेच्या रंगामागील वाहक प्रथिन : वाराणसीशी जोडलेले एक संशोधन

भारतीयांच्या त्वचेच्या रंगातील विविधतेचा शोध घेणारा एक महत्त्वाचा शोधनिबंध नोव्हेंबर २०१३ मध्ये 'प्लॉस जेनेटिक्स' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. एस्टोनिया, ब्रिटन आणि भारतातील शास्त्रज्ञांच्या या चमूत वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू डॉ. लालजी सिंग यांचा समावेश होता. पुढे याच विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्राध्यापक झालेले डॉ. ज्ञानेश्वर चौबे हेही सहलेखक होते.

या संशोधनाच्या केंद्रस्थानी 'एसएलसी२४ए५' हे जनुक होते. मानवाच्या पंधराव्या गुणसूत्रावरील या जनुकापासून ५०० अमिनो आम्लांचे एक वाहक प्रथिन तयार होते. ते पेशीतील पटलात रुतलेले असते आणि सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम व पोटॅशियम यांची विरुद्ध दिशेने ने-आण करते. रंगपेशींमध्ये मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होण्यासाठी ही देवाणघेवाण आवश्यक असते.

या जनुकाचे महत्त्व एका माशामुळे उघड झाले. फिकट पट्ट्यांच्या 'गोल्डन' जातीच्या झेब्राफिशमध्ये हेच जनुक बिघडलेले असल्याचे अमेरिकेतील डॉ. कीथ चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २००५ मध्ये 'सायन्स' या पत्रिकेत जाहीर केले. मानवी जनुकाचा संदेशवाहक आरएनए या माशांच्या भ्रूणात सोडल्यावर त्यांचा गडद रंग अंशतः परत आला. मानवात या प्रथिनाच्या १११ व्या स्थानी मूळचे अ‍ॅलनिन असते. बहुतेक सर्व युरोपीयांमध्ये त्या जागी थ्रिओनिन आढळते.

तथापि, जनुकात फरक सापडला म्हणजे प्रथिनाचे कामही बदलते, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी प्रथिन वेगळे तयार करून तपासावे लागते. मानवी जनुकाची प्रत दुसऱ्या सजीवाच्या पेशीत घालून मिळविलेल्या अशा प्रथिनाला रिकॉम्बिनंट, म्हणजेच पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. इन्सुलिनसारखी विद्राव्य प्रथिने जिवाणूंकडून करवून घेणे तुलनेने सोपे आहे. पटलातील प्रथिनांची गोष्ट निराळी. त्यांना स्निग्ध पदार्थांचा आधार लागतो. तो काढून घेतला की त्यांची घडी विसकटते. त्यामुळे ती बहुधा कीटकांच्या किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशींत वाढवितात आणि साबणासारख्या सौम्य द्रव्यांच्या साहाय्याने पटलातून सोडवितात.

हे प्रथिनही कीटकपेशींत तयार करून तपासण्यात आले. सोडियम-कॅल्शियमची देवाणघेवाण ते खरोखरच करते आणि थ्रिओनिन असलेल्या रूपात ही क्षमता कमी असते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. या अभ्यासात युनिलिव्हर कंपनीचे ब्रिटनमधील शास्त्रज्ञ आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे संशोधक सहभागी होते. याच समूहातील हिंदुस्थान युनिलिव्हरने २०२० मध्ये आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द वगळला, हे येथे नोंदविण्याजोगे आहे.

भारतातील चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. २०१३ च्या अभ्यासात दक्षिण भारतातील १,२२८ व्यक्तींच्या त्वचेचा रंग उपकरणाद्वारे मोजण्यात आला आणि त्याचा या जनुकाशी स्पष्ट संबंध आढळला. थ्रिओनिनचे रूप उत्तर व वायव्य भारतात अधिक, तर दक्षिणेत आणि पूर्वेत कमी आहे. भारतीय आणि युरोपीय व्यक्तींमधील हे रूप एकाच पूर्वजाकडून आलेले असून त्याचे वय सुमारे २२ ते २८ हजार वर्षे असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. उत्तर भारतात नैसर्गिक निवडीच्या खुणा मिळाल्या. दक्षिणेत त्या मिळाल्या नाहीत. म्हणजे केवळ उन्हाच्या तीव्रतेवरून हा फरक समजावून देता येत नाही. समूहांची स्थलांतरे, भाषा आणि विवाहसंबंध यांचाही त्यात वाटा आहे.

वाराणसी ज्या प्रदेशात वसले आहे, त्या मध्य गंगा मैदानातील लोकांचाही अभ्यास पुढे झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात याच जनुकातील आणखी एका स्थानाचा त्वचेच्या रंगाशी संबंध आढळला.

गोरेपणाचे एकच जनुक असते, हा समज मात्र चुकीचा आहे. चीन, जपान आदी पूर्व आशियाई देशांतील बहुतेक लोकांमध्ये प्रथिनाचे मूळ अ‍ॅलनिनयुक्त रूपच असते. तेथील उजळ त्वचेमागे इतर जनुके आहेत.

डॉ. लालजी सिंग हे मूळचे वाराणसीशेजारच्या जौनपूर जिल्ह्यातील. बनारस हिंदू विद्यापीठातूनच त्यांनी १९७१ मध्ये पीएच.डी. मिळविली. भारतातील डीएनए फिंगरप्रिंटिंगचे जनक म्हणून ते ओळखले जात. हैदराबादच्या 'सीसीएमबी' या संस्थेचे संचालकपद भूषविल्यानंतर २०११ ते २०१४ या काळात ते विद्यापीठाचे कुलगुरू होते. १० डिसेंबर २०१७ रोजी वाराणसीतच त्यांचे निधन झाले.

या प्रथिनाचे वैद्यकीय महत्त्वही आता स्पष्ट झाले आहे. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यास अल्बिनिझमचा, म्हणजे जन्मतः रंगद्रव्याच्या अभावाचा, सहावा प्रकार उद्भवतो, असे २०१३ मध्येच एका चिनी कुटुंबाच्या तपासणीतून समोर आले. या विकारात त्वचा व केस फिकट होतातच, शिवाय दृष्टीही अधू होते.