गाडीतलं सिमकार्ड नेमकं काय करतं? टेलिमॅटिक्सचा बाजार, कोलशेतच्या पार्किंगमधून

ठाण्यातल्या कोलशेतला कधीकाळी केमिकल कंपन्यांचा पट्टा म्हणून ओळख होती. क्लॅरियंटच्या जागेवर आता लोढा अमाराचे टॉवर आहेत आणि खाली गाड्यांच्या रांगा. यातल्या बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये एक सिमकार्ड आधीच बसवलेलं असतं. त्याचा नंबर मालकालाही माहीत नसतो.

गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, ब्रेक किती जोरात लागला, बॅटरी कशी आहे, ही माहिती मोबाइल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरवर पाठवणं म्हणजे टेलिमॅटिक्स. फोनवरून एसी सुरू करणं किंवा चोरीला गेलेली गाडी नकाशावर शोधणं याच यंत्रणेमुळे शक्य होतं.

भारतात सामान्य ग्राहकांपर्यंत हे ठळकपणे पोहोचलं २०१९ मध्ये. मे महिन्यात ह्युंदाई व्हेन्यू आली आणि जूनमध्ये 'इंटरनेट कार' म्हणून गाजवलेली एमजी हेक्टर. त्याच वर्षी १ जानेवारीपासून नोंदणी होणाऱ्या टॅक्सी आणि बससाठी 'एआयएस-१४०' मानकाचं ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं झालं. तीनचाकींना त्यातून सूट आहे. म्हणजे कोलशेतहून ठाणे स्टेशनला नेणाऱ्या रिक्षाला हा नियम नाही.

पुढचा पैसा कुठे आहे?

एक वाट सबस्क्रिप्शनची. पहिली काही वर्षं सेवा मोफत, मग दरवर्षी पैसे. पण फोनवरचे नकाशे फुकट असताना यासाठी किती जण पैसे भरतील, हा प्रश्नच आहे. खरा डाव विम्यात आहे.

जुलै २०२२ मध्ये विमा नियामक 'इर्डा'ने दोन प्रकारच्या पॉलिसींना मुभा दिली. 'जितकं चालवाल तितकं भरा' आणि 'जसं चालवाल तसं भरा'. दोन्ही फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या भागासाठी. थर्ड पार्टीचा हप्ता सरकारच ठरवतं, तो यामुळे बदलत नाही.

पहिला प्रकार कोलशेतकरांच्या सोयीचा आहे. रोज लोकलने ऑफिस गाठायचं आणि गाडी फक्त रविवारी काढायची, अशा घराने वर्षभर टॅक्सीवाल्याइतकं फिरल्यासारखा हप्ता का भरावा?

दुसऱ्या प्रकारात गोची आहे. जोरात लावलेले ब्रेक धोक्याची खूण मानले जातात. पण घोडबंदर रोडवर खड्डा चुकवताना किंवा कापूरबावडीला बाइक मध्ये घुसल्यावर ब्रेक लागतोच. यंत्राला ब्रेक कळतो, खड्डा नाही. म्हणून अशी पॉलिसी घेण्याआधी गुण कसे मोजतात आणि त्यावर तक्रार करता येते का, हे विचारायलाच हवं.

माहिती कोणाच्या हातात?

अमेरिकेत हे प्रकरण चांगलंच पेटलं. जनरल मोटर्स, म्हणजे आपल्याकडची जुनी शेवरोलेवाली कंपनी, चालकांच्या ड्रायव्हिंगची माहिती डेटा कंपन्यांना देत होती, असं २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने समोर आणलं. काहींचा विमा महागल्यावरच त्यांना याचा पत्ता लागला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी माहिती ग्राहक अहवाल बनवणाऱ्या संस्थांना देण्यावर पाच वर्षांच्या बंदीचा प्रस्ताव मांडला.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यानुसार संमती घ्यावी लागते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. तोवर 'आय अ‍ॅग्री' दाबण्याआधी निदान विम्याचा आणि 'थर्ड पार्टी शेअरिंग'चा परिच्छेद वाचलेला बरा.

जुनी गाडी घेताना आरसी नावावर झाली की काम संपलं, असं अनेकांना वाटतं. अ‍ॅपमध्ये मात्र आधीच्या मालकाचं खातं जोडलेलं राहू शकतं, म्हणजे तुमची गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसू शकतं. ताबा घेतानाच ते खातं त्याच्याकडून काढून घ्या. विकणाऱ्यानेही घराचा पत्ता आणि जोडलेला फोन गाडीतून पुसून टाकावा.