वाळवंटातल्या छोट्या गावी राहायला जाण्यापूर्वी



आमचं मूळ गाव पेणजवळचं. बाबांच्या नोकरीमुळे मुंबईला आलो, आणि आता म्हातारपणी मी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या पेनरोज भागात मुलाजवळ राहते. "आजी पेणहून निघाली आणि पेनरोजला पोचली," असं नातवंडं चिडवतात. इथे घरं कमी आणि गोदामं, कारखाने जास्त. ग्रेट साउथ रोडवर दिवसभर ट्रकांची ये-जा. पण मोठं हॉस्पिटल गाडीने थोड्याच वेळात गाठता येतं, आणि पाऊस तर वर्षभर असतोच.

माझी थोरली बहीण इस्राएलमध्ये दिमोनाला असते. भावोजी गेल्यापासून तिचं प्रत्येक फोनवर एकच: "तू इकडे ये गं, दोघी मिळून राहू." हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं भावंड किंवा लेक त्या बाजूला आहे. मी नर्सिंगचा डिप्लोमा करून जवळजवळ पस्तीस वर्षं वॉर्डात काम केलं, आणि दिमोनाला तीनदा राहून आले. त्यावरून जी माहिती जमवली ती इथे क्रमाने देते.

हे वाळवंट कसलं

वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळूचे डोंगर आणि उंट दिसतात. नेगेव तसा नाही. तो बहुतेक खडकाळ आणि मातकट आहे. इस्राएलच्या जमिनीचा निम्म्याहून जास्त भाग नेगेवने व्यापलाय, पण वस्ती थोडी. त्यातलं मोठं शहर बेर शेवा, म्हणजे आपल्या मराठी बायबलातलं बैर-शेबा. तिथून आग्नेयेला साधारण ३५ किलोमीटरवर दिमोना, दक्षिणेला येरुहाम, आणि आणखी पुढे ८० किलोमीटरच्या वर मित्स्पे रामोन.

पावसाचा हिशेब सांगते. आपल्या अलिबागला वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बेर शेव्याला साधारण २००, आणि दिमोनाला त्याहूनही कमी. तो पडतो हिवाळ्यात, आणि कधी कधी असा पडतो की कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढा येतो. अशा वेळी ओढ्याच्या पात्रात पाऊल टाकायचं नाही.

दुसरी गोष्ट थंडीची. दिमोना उंचावर आहे, आणि मित्स्पे रामोन तर माथेरानपेक्षाही थोडं उंच. उन्हाळ्यात दुपारी पारा ३५ च्या आसपास, उष्ण वारा सुटला की ४० च्या पुढे. तोच हिवाळ्यात रात्री खूप खाली येतो. मी पहिल्यांदा जाताना एकही स्वेटर नेला नव्हता. "वाळवंटात थंडी कसली" म्हणत गेले आणि रात्री ताईची शाल पांघरून बसले.

आपली माणसं तिथे कशी पोचली

येरुहाम १९५१ मध्ये नव्याने आलेल्यांची छावणी म्हणून सुरू झालं. मित्स्पे रामोनची सुरुवात एलातच्या रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या तळापासून झाली. दिमोना १९५५ चं. तिथली पहिली कुटुंबं मोरोक्को वगैरे उत्तर आफ्रिकेकडची होती. त्या काळी सरकारचं धोरण असं होतं की बोटीतून उतरलेल्या माणसांना थेट नव्या गावी न्यायचं. काहींना उतरल्यावरच कळलं की आजूबाजूला फक्त दगड आहेत.

बेने इस्राएल १९४८ नंतर जाऊ लागले. मुंबईत रेल्वे, पोस्ट, गिरण्या, कचेऱ्या यांत काम केलेली ही माणसं. त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला नेगेव आला. सगळ्यांना ते मानवलं नाही. १९५१ च्या अखेरीस बेर शेव्याच्या काही कुटुंबांनी काम, घर आणि मिळणारी वागणूक यांबद्दल तक्रार केली आणि "आम्हाला परत भारतात पाठवा" म्हणून धरणं धरलं. १९५२ च्या एप्रिलात त्यांतल्या सुमारे दीडशे जणांना विमानाने मुंबईला परत पाठवलं गेलं. पुढे त्यांच्यातले बरेच जण पुन्हा इस्राएलला गेले. ही गोष्ट आपल्याकडे थोड्या संकोचाने सांगतात. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. नीट माहिती न देता माणसं नेली की असं होणारच.

नंतर गेलेल्यांना निदान आधी गेलेली माणसं भेटली. दिमोनात कितान नावाची कापडगिरणी निघाली, मृत समुद्राकाठी पोटॅशच्या कारखान्यात कामं मिळाली. पाण्याचे नळ आले. १९६४ मध्ये उत्तरेकडच्या गालील सरोवराचं पाणी देशाच्या मोठ्या जलवाहिनीतून दक्षिणेकडे येऊ लागलं. आज दिमोनात आपली एवढी वस्ती आहे की लोक त्याला छोटा भारत म्हणतात. दुकानात पोहे, पापड, मसाले मिळतात.

म्हातारपणी वाळवंटात जाण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण मात्र बेन गुरियन यांचं. डिसेंबर १९५३ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, पंतप्रधानपद सोडून ते नेगेवमधल्या स्दे बोकेर या किब्बुत्समध्ये राहायला गेले. पण त्यांच्याभोवती माणसं होती, हे विसरू नये.

उन्हाळा आणि म्हातारं शरीर

आता माझा स्वतःचा फजितीचा प्रसंग. पहिल्या खेपेला जून महिना होता. दुसऱ्याच दिवशी मी एकटीच सकाळी बाजारात गेले. चहा सोडून पोटात पाणी नव्हतं. मला रक्तदाबासाठी लघवीची गोळी आहे. तिथे हवा इतकी कोरडी की घाम आला तरी लगेच उडून जातो, अंग ओलं होतच नाही, त्यामुळे आपण किती पाणी गमावतोय ते कळत नाही. परत येताना जिन्यात डोळ्यांसमोर अंधारी आली आणि मी पायरीवर बसले. खालच्या मजल्यावरच्या मोरोक्कोच्या म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं, ओला फडका माझ्या मानेवर ठेवला आणि ताईला हाका मारल्या. त्यांना मराठी येत नाही, मला हिब्रू येत नाही. नर्स असून मी तहान लागायची वाट बघत बसले होते.

वय वाढलं की तहान कमी लागते. म्हणून हे लक्षात ठेवा:

१. घड्याळ बघून पाणी प्या, थोडं थोडं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर दिवसाला किती प्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. त्यांच्यासाठी जास्त पाणीही घातक असतं.

२. लघवी गडद पिवळी आणि कमी होऊ लागली तर पाणी कमी पडतंय.

३. जुलाब झाले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नका.

४. लघवीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. पण जाण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा की उष्ण, कोरड्या हवेत जाणार आहे. मात्रा बदलावी लागू शकते.

५. इन्सुलिन उन्हात, गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका.

६. सकाळी दहा ते दुपारी चार बाहेर पडू नका. बाजार सकाळी लवकर किंवा संध्याकाळी.

७. नाकातून रक्त येणं, टाचा फुटणं, डोळे चुरचुरणं हे कोरड्या हवेमुळे होतं. अंगाला आपलं खोबरेल तेल चालतं. डोळ्यांसाठी थेंब डॉक्टरांकडूनच घ्या. दमा असेल तर धुळीच्या दिवशी खिडक्या बंद ठेवा.

उष्माघात ओळखायचा कसा? अंग तापलेलं, आणि माणूस असंबद्ध बोलतोय किंवा गुंगीत आहे. अशा वेळी १०१ ला फोन करून रुग्णवाहिका मागवा, तोवर सावलीत न्या, जाड कपडे काढा, अंगावर पाणी मारून वारा घाला. पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी या तापावर चालत नाही.

दवाखाना किती लांब

घर बघण्याआधी हा हिशेब करा. नेगेवमधलं मोठं हॉस्पिटल बेर शेव्याचं सोरोका, १९५९ मध्ये सुरू झालेलं. दिमोनाहून गाडीने साधारण अर्धा-पाऊण तास. मित्स्पे रामोनहून तासाभराच्या वर. अर्धांगवायूचा झटका आला तर गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. ते गावात नसेल तर ८० किलोमीटरवरच्या माणसाचा आठवड्याला जवळजवळ ५०० किलोमीटर प्रवास होतो. तरुण मुलगा म्हणतो "मी नेईन ना", पण त्याची नोकरीही असते.

तिथे १९९५ पासून कायद्याने सगळ्या रहिवाशांना आरोग्य विमा आहे, आणि तो चार कुपात होलिम चालवतात: क्लालित, मकाबी, मेउहेदेत, लेउमित. नाव नोंदवण्याआधी त्या गावात कोणाचा दवाखाना आहे, हृदयाचे आणि डोळ्यांचे डॉक्टर कुठल्या वारी येतात, ते विचारा. औषधांच्या यादीत कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहा. क्रोसिन मागितलं तर कुणाला कळणार नाही. तिथे पॅरासिटामॉलला अकामोल म्हणतात.

शुक्रवारी दुपारपासून शनिवारी रात्रीपर्यंत बस नसते. म्हणून गोळ्या गुरुवारीच आणून ठेवा.

घर कसं बघावं

जुन्या इमारती तीन-चार मजली, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. तळमजलाच घ्या. छतावर सौर बंब असतो, गरम पाण्याची चिंता नाही. पण हिवाळ्यासाठी हीटर लागतो आणि उन्हाळ्यासाठी एसी. एसी ही चैन समजू नका, साठीनंतर तो औषधासारखाच लागतो. १९९० नंतरच्या दशकापासून बांधलेल्या घरांत ममाद म्हणजे सुरक्षित खोली असते. जुन्या घरात नसेल तर सायरन वाजल्यावर मिकलातपर्यंत तुम्ही स्वतःच्या पायांनी किती वेळात पोचता, ते एकदा चालून बघा.

न्यूझीलंडहून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इथली सरकारी पेन्शन घेणाऱ्याला २६ आठवड्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहायचं असेल तर वर्क अँड इनकमला आधी विचारावं लागतं. तिकीट काढण्यापूर्वीच विचारा.

भाषा आणि माणसं

दिमोनात आपल्या वयाची माणसं मराठी बोलतात. त्यांची मुलं समजतात, नातवंडं हिब्रूतच बोलतात. सिनेगॉगला जायला, मलिद्याला बसायला, दुःखाच्या वेळी दाराशी यायला माणसं आहेत. मित्स्पे रामोनसारख्या गावी निसर्ग फार सुंदर, पण तिथे आपलं कोण, हे आधी विचारा. नकाशावर दोन्ही गावं वाळवंटातलीच दिसतात, पण म्हाताऱ्या माणसाला दोन्हींकडे सारखं राहता येणार नाही.

वॉर्डात मी खूप पेशंट बघितले जे पडले म्हणून दगावले नाहीत, पडल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला कळलं नाही म्हणून दगावले. त्यामुळे गाव कुठलंही असो, शेवटचा प्रश्न हा विचारा: सकाळी माझं दार उघडलं नाही, तर किती वाजेपर्यंत कुणाच्या लक्षात येईल? उत्तरात एका माणसाचं नाव सांगता आलं पाहिजे. ते नाव नसेल तर मुलगा कितीही बोलावू दे, थांबा.

आणि घर विकून जाऊ नका. आधी एक उन्हाळा आणि एक हिवाळा भाड्याने राहून बघा. नुसता पेसाहच्या सुट्टीचा अनुभव धरू नका, वसंतात सगळंच छान वाटतं.

माझं म्हणाल तर मी ताईला अजून पूर्ण होकार दिलेला नाही. डिसेंबरपासून तीन महिने जाणार आहे, आणि जमलं तर पुढच्या जुलैत परत. तिच्या खालच्या मजल्यावरचं घर रिकामं होणार आहे, त्या मोरोक्कोच्या बाईंच्या समोरचं. मुलगा विचारतो, "आई, तुला त्या रखरखाटात काय आहे?" मी त्याला जिन्यातली गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही, पण ताईला रोज सकाळी आठ वाजता फोन करायचं त्याने तेव्हापासून सुरू केलंय.