न मोजलेला बाजार : किल्लारीची हॉटेले, किराणा आणि लोकमत

खाण्यापिण्याच्या जागांविषयी मराठीत जे ललित लेखन झाले, त्याचा मोठा भाग पुण्या-मुंबईचा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'माझे खाद्यजीवन' या लेखाने ज्यांची जीभ वाचनापुरती तयार झाली, त्यांना इराण्याचा चहा आणि गिरगावातील खानावळ न पाहताही ओळखीची वाटते. खेड्यातील हॉटेल मात्र आमच्या साहित्यात येते ते पार्श्वभूमी म्हणून. पात्रे तेथे बसतात, बातमी तेथे फुटते, भांडण तेथे पेटते. परंतु चहा कसा होता, भजी ताज्या तेलात तळली होती की कालच्या, मालक उधार देत असे की नाही, हे लेखक सहसा सांगत नाही. गावकरी बोलू लागला की तो नेमके हेच सांगतो. ज्या गावाचे नाव घेताच आपल्याला केवळ ढिगारे आठवतात, त्या किल्लारीकडे या बाजूने पाहता येईल काय, असा आमचा प्रश्न आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे नुकतीच निजली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिले जातात. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील 52 गावे मूळ जागा सोडून नव्या गावठाणांत वसवण्यात आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेला तो कार्यक्रम आपत्ती-व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत आजही उदाहरण म्हणून शिकवला जातो. या लेखनात घरे, भिंती, छपरे, शाळा, रस्ते सारे आहे. चहाचे हॉटेल आणि किराणा दुकान यांना मात्र त्यात फारच थोडी जागा मिळाली, आणि ती का, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम शब्दांविषयी. इंग्रजीत ज्याला हॉटेल म्हणतात तेथे माणूस रात्री निजतो. मराठवाड्यातील हॉटेलात कोणी निजत नाही, निजलाच तर दुपारी बाकावर मालकच. एक भट्टी, एक कढई, पितळी वा जर्मनची किटली, दोन-तीन बाकडी आणि समोर टांगलेले कॅलेंडर एवढ्यास हॉटेल म्हणतात. तेथे चहा, भजी, सुशीला, कधी शेव-चिवडा मिळतो. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा फोडणीचा पदार्थ. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकास हे एखाद्या मुलीचे नाव वाटण्याचा संभव आहे म्हणून खुलासा केला. दुसरा शब्द 'पाटी'. गाव आतल्या बाजूस असते आणि मुख्य रस्त्यावर जेथे गावाच्या नावाची पाटी उभी असते, त्या ठिकाणालाच 'पाटी' म्हणतात. किल्लारीच्या वाटेवरील लामजना पाटी हे त्याचे सर्वांच्या तोंडी असलेले उदाहरण. एस.टी. थांबते ती पाटीवर; आणि एस.टी. जेथे थांबते तेथे भट्टी पेटते. म्हणजे या भागात हॉटेलांचे दोन वंश आहेत: गावातले आणि पाटीवरचे. या दोहोंविषयीची मते वेगळ्या कसोट्यांवर बनतात, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनास आधारभूत आहे.

पाटीवरच्या हॉटेलाची कीर्ती प्रवासी ठरवतो. औसा तालुक्यातीलच उजनी हे गाव घ्या. लातूर-तुळजापूर मार्गावरून जाणाऱ्या माणसाला उजनीची बासुंदी माहीत असते. गावाविषयी त्याला आणखी काहीच माहीत नसते. हे मत पदार्थाविषयी असते, जिभेवर तपासलेले असते आणि गाडी सुटली की संपते. आज भ्रमणध्वनीच्या नकाशावर जे तारे दिले जातात तेही याच वंशाचे होत. गावातल्या हॉटेलाविषयीचे मत असे बनत नाही. त्याच चार माणसांना रोज तोच चहा प्यायचा असतो. तेव्हा चहाची चव हा वादाचा विषय फार तर आठवड्यातून एकदा होतो. खरे मत मालकाविषयी असते. तो कोणाला पुढच्या बाकावर बसवतो, कोणाचे पैसे मागतो आणि कोणाचे लिहून ठेवतो, कोणत्या पुढाऱ्याची बैठक त्याच्याकडे भरते, यांवरून हॉटेल चांगले की वाईट हे ठरते.

आणि कप कोणता देतो, यावरूनही. ही बाब खालच्या आवाजात सांगण्याची नाही. भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात मूलभूत हक्कांची भाषा एकदम रस्त्यावर उतरते आणि दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांची नावे घेते. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने, ज्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, हॉटेलातील भांडीसुद्धा आपल्या कक्षेत घेतली. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की गावाची चतुःसीमा नकाशात जितकी असते तितकीच ती कपबशीत असते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (1984) चहाच्या हॉटेलातील वेगळ्या कपबशीचा जो प्रसंग आहे, तो अक्कलकोट तालुक्याचा असला तरी त्यातील कपबशी या साऱ्या सीमाभागाच्या ओळखीची आहे. गावातील चांगल्या हॉटेलाविषयी कोणी हळवेपणाने बोलू लागला की तो कोणत्या कपातून पीत होता, हे विचारणे म्हणूनच अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. जुन्या गावांच्या आठवणींवर भूकंपानंतर जे लिहिले गेले, त्यात हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही, असे आमचे मत आहे.

किराणा दुकानाची गोष्ट निराळी. तेथे बसण्यास बाक नसतो, पण वही असते. ज्या मुलखात पैसा वर्षातून एकदा, सुगी आटोपल्यावर किंवा उसाचे बिल आल्यावर हाती पडतो, तेथे मधले दहा महिने दुकानदाराच्या वहीवर चालतात. मीठ, मिरची, गूळ, रॉकेल, लग्नाचा बस्ता सोडून जवळजवळ सारे. वहीतील उधारीला व्याज धरलेले असते काय? उघडपणे नसते, भावात असते, आणि हे दोन्ही बाजूंना माहीत असते. म्हणून किराणा दुकानाविषयीचे मत नेहमी दुहेरी आढळते. 'लुबाडतो' आणि 'अडीअडचणीला तोच' ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून, एकाच दुपारी निघतात. यात विसंगती नाही. भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेने बाजार शेतकऱ्याच्या, म्हणजे विकणाऱ्याच्या बाजूने दाखवला. तोच शेतकरी विकत घेणारा होऊन दुकानाच्या फळीसमोर उभा राहतो, त्या क्षणाची कथा मराठीत त्या मानाने विरळ आहे.

आता भूकंपानंतरचे पाहू. स्थलांतरित गावांतील घरांचे वाटप जमिनीच्या मालकीवर झाले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास 400 आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास 750 चौरस फूट. हजारो कुटुंबांची नोंद घाईने करावयाची असता सातबारा हा एकमेव हाताशी असलेला कागद होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही या मापात काय घडले ते पाहा. ज्याची मिळकत शेतात नसून दुकानाच्या फळीवर होती, ज्याचे भांडवल मालात, वहीत आणि चौकातील जागेत होते, तो या तक्त्यात भूमिहीनाच्या रांगेत गेला. हॉटेलवाला, किराणावाला, शिंपी, न्हावी, सोनार यांच्या वाट्यास त्यांच्या धंद्याने नव्हे तर त्यांच्याकडे नसलेल्या जमिनीने ठरवलेले घर आले. वहीचे तर मोजमापच नव्हते. ढिगाऱ्याखालून वही निघाली तरी तिच्यातील ऋणको जिवंत असेल असे नव्हते. आणि जिवंत असलेल्याकडे मागावे कोणत्या तोंडाने?

याच्या शेजारी लातूरची गंजगोलाई ठेवून पाहावी. 1917 साली नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या वर्तुळाकार पेठेस सोळा रस्ते येऊन मिळतात. सोने, पादत्राणे, मिरची, गूळ अशा मालांच्या बाजारपेठा त्या रस्त्यांवर परंपरेने वसल्या आणि मध्यभागी जगदंबेचे देऊळ आहे. निजामी अमदानीत या मुलखात ज्यांनी शहराची रेघ ओढली, त्यांनी प्रथम बाजार आखला आणि मग माणसे राहतील अशी अपेक्षा केली. सुमारे पाऊण शतकानंतर त्याच मुलखात ज्यांनी 52 गावांच्या रेघा ओढल्या, त्यांनी प्रथम घरे आखली. सुविधांच्या यादीत बाजाराला स्थान होते, पण यादीतील स्थान आणि चौकातील स्थान या दोन भिन्न गोष्टी आहेत. भयाच्या छायेत केलेल्या त्या आखणीत रुंद रस्ते आणि घराघरांमधील मोकळे अंतर यांना महत्त्व आले, ते समजण्यासारखे आहे. अरुंद बोळात माणसे मेली होती. परंतु गावातले हॉटेल अरुंद बोळावरच जगत होते. येता-जाता नजरेला नजर भिडते तेथे माणूस थांबतो. चाळीस फुटी रस्त्याच्या कडेला तो चालतच राहतो.

लोकांनी आपल्या परीने दुरुस्ती केली. सरकारी घराला पुढे पत्र्याचा सोपा काढला, पुढची खोली दुकानासाठी मोकळी केली, खिडकीलाच फळी लावली. स्थलांतरित गावांतून फिरताना घरांचे हे पुढे सरकलेले चेहरे सर्वत्र दिसतात आणि अभियंत्याच्या दृष्टीने ते नियमभंग असले तरी इतिहासाच्या दृष्टीने ते लेखी अभिप्रायापेक्षा बोलके आहेत. एक परिणाम मात्र कोणी योजला नसावा. चौकातले दुकान पुरुषाचे होते. घराच्या पुढल्या खोलीतले दुकान पुष्कळदा घरातली बाई चालवते. स्वयंपाक करता करता ती साखर जोखते. गिऱ्हाईकही बहुधा बायका आणि मुले. हॉटेलात ज्यांना कधीच बाक नव्हता, त्यांना या दुकानाच्या उंबऱ्यावर उभे राहून बोलण्याची जागा मिळाली. जुन्या चौकाचे गुणगान करणाऱ्या पुरुषांच्या आठवणींत ही जमेची बाजू येत नाही. त्यांना ती दिसण्याचे कारणही नाही.

चौकातला पुरुष कोठे गेला? तो पाटीवर गेला. धाबा, बिअर बार, परमिट रूम, आणि ज्यांच्या फलकांवर 'फॅमिली गार्डन' असे लिहिलेले असते ती उपाहारगृहे हा मराठवाड्यातील सर्वच रस्त्यांचा गेल्या तीन दशकांतील विस्तार आहे. त्यास केवळ भूकंप कारण नाही. पण भूकंपग्रस्त भागात त्यावर एक विशेष शेरा मारला जातो: अनुदानाचा पैसा आला आणि दारूत गेला. हे मत आम्ही इतक्या वेळा वाचले आहे की त्याचा उगम शोधणे अवघड व्हावे. दारू वाढल्याचे बायकांनी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवला पाहिजे, कारण मार त्यांनी खाल्ला. तेच वाक्य शहरातला माणूस उच्चारतो तेव्हा मात्र ते पीडितांच्या नैतिकतेवरील निवाडा होते. ज्या माणसाने एका पहाटेत घर, बायको आणि लेकरे गमावली, त्याच्या हाती दिलेला पैसा मोजण्यात आला आणि त्याला बसायला कोणता बाक उरला आहे हे मोजले गेले नाही. बार ही बसण्याचीही जागा असते.

सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. पुढे वीस हजारांहून कमी लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर 220 मीटर झाले. पुढील काही महिन्यांत राज्यभरातल्या पाट्यांवरचे फलक उतरले, झाकले गेले, काहींची दारे मागच्या बाजूस उघडली. नंतर नियम सैल होताच बरेचसे पुन्हा लागले. अपघात टाळण्याचा हेतू योग्यच होता. गावाच्या अंगाने पाहता मात्र महामार्गापासून 220 मीटर मागे सरकणे म्हणजे पुष्कळदा वस्तीकडे 220 मीटर पुढे सरकणे होते.

दरवर्षी 30 सप्टेंबरला जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभाजवळ श्रद्धांजली वाहिली जाते. अधिकारी येतात, पत्रकार येतात, दर दहा वर्षांनी जरा अधिक येतात, आणि परततात तेव्हा त्यांच्या टिपणात पुनर्वसनाच्या उणिवा आणि गळक्या छपरांची छायाचित्रे असतात. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ भूकंपानंतर एका वर्षाने, 1994 च्या सप्टेंबरात स्थापन झाले आणि लातूर जिल्हा त्याच्याच कक्षेत आहे. तेथील मराठी विभागांतून भूकंपावरील कवितांचा अभ्यास होतो तसा या आठवणींचा संग्रह होण्यास कोणतीच हरकत नाही. 1993 साली पंचविशीत असलेला दुकानदार आता साठीच्या घरात आहे. त्या वेळी चाळिशीत असलेल्यांपैकी किती जण बोलण्याच्या स्थितीत असतील हे सांगणे नको. त्यांना भूकंपाविषयी विचारू नये, ते त्यांनी शेकडो वेळा सांगितले आहे. जुन्या चौकात हॉटेले किती होती, भट्टी पहाटे किती वाजता पेटत असे, कपबशा किती प्रकारच्या होत्या आणि त्या कोण धूत असे, आणि वहीतल्या ज्या नावांपुढचा आकडा कधीच खोडता आला नाही ती नावे अजून तोंडपाठ आहेत काय, हे विचारावे.