कौलावरील साल व भिंतींतील सांधा

जुन्या पेठांतील भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांचा काळ ठरवितांना छपरावरील कौलाचा पुरावा वारंवार पुढें केला जातो. रत्नागिरीकडील घरांवर बासेल मिशनच्या ठशाचीं, १८६५ सालाचीं मंगळुरी कौलें आढळलीं कीं घरही १८६५ चें असें सांगण्यांत येतें. परंतु तें साल कारखाना स्थापन झाल्याचें होय. कौल भाजल्याचें नव्हे. मूळ पोथीच्या पुष्पिकेंतील शक नकलकारानें जसाच्या तसा उतरावा, तशांतलाच हा प्रकार. पोथीसंग्राहकांस तो नवा नाहीं. उपयोग सालाचा नसून नांवाचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तेव्हां मिशनच्या नांवाचें कौल बहुधा त्यापूर्वीचें मानावें. तथापि त्यावरून भिंतीचा काळ ठरत नाहीं. कौल एका घरावरून उतरून दुसऱ्यावर चढतें.

मंगळुरी कौलापूर्वीं येथें कुंभारी नळीचीं कौलें असत. तीं उताणीं-पालथीं नुसतीं ठेवलेलीं, म्हणून उतार बेताचा लागे व दर पावसाळ्यापूर्वीं तीं परतावीं लागत. (वानरांचा उपद्रव निराळाच.) मंगळुरी कौल रिपेस अडकतें; त्यास अधिक उतार चालतो. कौल बदलतांना आढें उंचावलें असल्यास समाईक भिंतीच्या माथ्यावरील वाढीव थर ओळखूं येतात.

खरा पुरावा जांभ्याच्या चिऱ्यांत आहे. जांभा खाणींत मऊ असतो व उघड्यावर टणक होतो. त्यामुळें हातानें तासलेल्या चिऱ्यावरील कमीअधिक खोल घाव टिकून राहतात. यंत्रानें कापलेल्या चिऱ्यावर पात्याच्या रेघा दिसतात. दर्शनी भिंत व समाईक भिंत मिळतात तो कोपरा आधीं पाहावा. चिरे एकमेकांत गुंतलेले असतील तर दोन्ही भिंती एका वेळच्या. वरपासून खालपर्यंत उभा सांधा असेल तर एक मागाहून आलेली. खरेदीखताच्या चतुःसीमेंत शेजारीं घर लिहिलें आहे कीं मोकळी जागा, हें या सांध्याशीं ताडून पाहतां येतें, आणि तारीख खोडलेल्या वा फाटलेल्या कागदाचा पूर्वापरक्रमही कित्येकदां त्यावरून लागतो.

आज हीं घरें पाडलीं जात आहेत. माळ्यावरील दप्तर कोणी संग्राहक उचलतो, चिरे विकले जातात, सांधा मात्र कोणी टिपून ठेवीत नाहीं. दप्तर आणावयास जाणाऱ्यानें सोबत मोजपट्टी न्यावी, आणि कौलाचा ठसा, चिऱ्याचें माप व त्या कोपऱ्याचें रेखाचित्र दप्तराच्या वेष्टनावरच नोंदवून ठेवावें.