दोन गंधार, एक कॉर्ड

जेद्दात माझ्या फ्लॅटवर शुक्रवारी संध्याकाळी गिटारी निघतात. मागच्या खेपेला एका मित्रानं फंकची लय धरली, कॉर्ड एकच, ई सेव्हन. म्हणाला, "वाजव काहीतरी." मी मायनर पेंटॅटॉनिक सुरू केलं. कॉर्डमध्ये शुद्ध गंधार, माझ्या बोटाखाली कोमल. तरी बेसूर वाटेना. का बरं?

'दोन स्केल्स मिसळा' हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. पण मिसळायचं म्हणजे नेमकं काय? त्यासाठी १९६८च्या मुंबईत जाऊ या.

त्या वर्षी शंकर-जयकिशन यांची 'रागा जॅझ स्टाइल' ही रेकॉर्ड आली. अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, इलेक्ट्रिक गिटारवर दिलीप नाईक आणि अनिबाल कॅस्ट्रो. सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात तेव्हा गोव्याचे वादक भरपूर होते. त्यातले कित्येक रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायचे, दिवसा स्टुडिओत सतारीशेजारी बसायचे. मिसळण त्यांच्या रोजच्या कामातच होती.

त्या अकरांत जयजयवंती आहे. तिच्यात दोन्ही गंधार लागतात, पण कसेही नाही. कोमल गंधार दोन रिषभांच्या मधे, 'रे ग रे' असा येतो. बाकी ठिकाणी शुद्ध. म्हणजे स्वर दोन असले तरी प्रत्येकाची जागा ठरलेली.

ब्लूजचा नियम वेगळा. तिथे कोमल गंधारावर तार ओढून शुद्धाकडे ढकलतात. तो खालून वर येणारा ताण आपल्याला गोड लागतो. फंकनं त्याला मोकळी जागा दिली. १९६७च्या जेम्स ब्राउनच्या 'कोल्ड स्वेट'मध्ये बँड बराच वेळ एकाच कॉर्डवर थांबतो. कॉर्ड हलत नाही, तेव्हा ती तंबोऱ्याचं काम करते: कानाला 'सा' सापडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक स्वर कुठून आला आणि कुठे गेला ते स्पष्ट ऐकू येतं.

आता जेद्दाकडे परत. हे हिजाझचं बंदर, आणि अरबी संगीतात हिजाझ नावाचा मकाम आहे. त्याच्या एका प्रचलित रूपाचे स्वर आपल्या बसंत मुखारीशी जुळतात: खाली भैरव, वर भैरवी. या रागाला हिजाज भैरव असंही म्हणतात. नाव जुळलं म्हणून उगम एकच, असा निष्कर्ष मात्र काढू नका. समुद्रावरून मालाबरोबर नावंही फिरतात. पण पद्धत पाहा. अरबी वादकही चार-पाच स्वरांचे तुकडे जोडून मकाम बांधतात. म्हणजे मिसळायचं ते अख्खं स्केल नव्हे, तुकडा. आणि सांधा कुठे, हे ठरवायचं.

करून बघा. ई सेव्हन रेकॉर्ड करून ठेवा. पहिली पाच मिनिटं खमाज थाटाचे स्वर वाजवा, म्हणजे मिक्सोलिडियन. मग फक्त कोमल गंधार आत घ्या. दर वेळी त्याला शुद्धावर किंवा रिषभावर पोचवा, मधेच सोडू नका.

बाहेर वाढलेल्या आपल्यातल्या अनेकांना 'ना धड इकडचे, ना धड तिकडचे' हे ऐकून घ्यावं लागतं. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, तर आधी जयजयवंती ऐकवा.