कॅथेटर आणि तीव्र अधिवृषणशोथ

तीव्र अधिवृषणशोथ म्हणजे वृषणाच्या मागील बाजूस असणाऱ्या अधिवृषण या नलिकेचा अचानक उद्भवलेला व सहा आठवड्यांहून कमी काळचा दाह होय. रुग्णालयात दाखल असलेल्या, विशेषतः उतारवयातील पुरुषांमध्ये मूत्राशयात बसवलेला कॅथेटर (बोलीभाषेत लघवीची नळी) हे या विकाराचे एक महत्त्वाचे कारण आहे. दुसरीकडे, लघवी तुंबलेल्या रुग्णाला हीच नळी आवश्यक असते. त्यामुळे नळी ठेवावी, बदलावी की काढावी, हा निर्णय उपचाराचा मुख्य भाग ठरतो.

संसर्गाचा मार्ग

अधिवृषण ही वेटोळी नलिका असून ती उलगडल्यास सुमारे ६ मीटर लांब भरते. शुक्राणू तिच्यात परिपक्व होऊन रेतवाहिनीद्वारे मूत्रमार्गाच्या प्रोस्टेट ग्रंथीतून जाणाऱ्या भागात पोहोचतात. जंतू याच मार्गाने उलट दिशेने अधिवृषणात शिरतात. पूर्वी प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेवेळी हा संसर्ग टाळण्यासाठी रेतवाहिनी बांधण्याची पद्धत होती.

मूत्राशयात फुग्याच्या आधाराने राहणारी नळी फ्रेडरिक फोली या अमेरिकी शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखली जाते. ती १९३० च्या दशकात प्रचारात आली. अशा नळीच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर जमतो व त्यात प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत. नळी असताना दररोज सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या मूत्रात नव्याने जंतू आढळू लागतात. मात्र लक्षणे नसताना केवळ जंतू आढळले म्हणून सहसा प्रतिजैविक दिले जात नाही.

कारक जंतू

तरुणांमध्ये क्लॅमिडिया व गोनोकोकस हे लैंगिक संबंधातून पसरणारे जंतू, तर साधारण ३५ वर्षांनंतर ई. कोलाय व तत्सम आतड्यांतील जंतू अधिक आढळतात. रुग्णालयात नळी असलेल्या रुग्णांत क्लेब्सिएला, प्रोटियस व स्यूडोमोनास हे जंतूही आढळतात आणि ते नेहमीच्या औषधांना दाद न देण्याची शक्यता अधिक असते. भारतात क्षयरोग हे अधिवृषणाच्या दीर्घकालीन सुजेचे महत्त्वाचे कारण आहे. नांदेड जिल्हा हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत मोडत असल्याने तेथे हत्तीरोगाच्या कृमींमुळे होणारा अधिवृषणाचा दाहही विचारात घ्यावा लागतो.

लक्षणे व निदान

एका बाजूच्या वृषणकोशात वाढत जाणारी वेदना, सूज, लाली व ताप ही प्रमुख लक्षणे आहेत. बेशुद्ध असलेल्या अथवा मणक्याला दुखापत झालेल्या रुग्णाला वेदना जाणवत नाही किंवा सांगता येत नाही. म्हणून नळी असलेल्या पुरुषाला कारण न सापडणारा ताप आल्यास वृषणकोशाची तपासणी आवश्यक असते.

वृषणाला पीळ पडल्यास अशीच लक्षणे दिसतात. त्यात सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास वृषण गमावण्याचा धोका झपाट्याने वाढतो. पीळ मुलांत व तरुणांत अधिक आढळतो. तो पडला असल्याची दाट शंका असल्यास तपासण्यांसाठी शस्त्रक्रिया लांबवली जात नाही. इतर वेळी डॉप्लर सोनोग्राफीने रक्तपुरवठा पाहतात.

उपचार

प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी मूत्राचा नमुना कल्चर तपासणीसाठी घेतला जातो. नळी दोन आठवड्यांहून जुनी असून तिची गरज कायम असल्यास ती बदलतात व नमुना नव्या नळीतून घेतात. पिशवीत साठलेले मूत्र त्यासाठी वापरत नाहीत. गरज उरली नसल्यास नळी काढतात. मूत्रमार्गातून नळी ठेवणे त्रासदायक ठरत असल्यास ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालण्याचा पर्याय असतो. काही रुग्णांना ठरावीक वेळी नळी घालून लघवी काढण्याची पद्धत उपयोगी पडते.

आतड्यांतील जंतूंची शक्यता असल्यास लिव्होफ्लॉक्सासिन हे औषध साधारण दहा दिवस देतात. कल्चरच्या अहवालानुसार ते बदलले जाते. या औषधाने क्षयरोगाची लक्षणे तात्पुरती झाकली जाऊ शकतात. त्यामुळे गाठ कायम राहिल्यास पुढील तपासणी आवश्यक असते. सोबत विश्रांती, वृषणकोशाला आधार व वेदनाशामके दिली जातात. उपचारास विलंब झाल्यास गळू, वृषणाचा रक्तपुरवठा खंडित होणे, वंध्यत्व किंवा रक्तात संसर्ग पसरणे अशा गुंतागुंती उद्भवू शकतात.

धर्माबाद परिसरातील संदर्भ

धर्माबाद हे नांदेड जिल्ह्यातील तेलंगणा सीमेवरील तालुक्याचे ठिकाण आहे. जिल्ह्यातील मोठे शासकीय उपचारकेंद्र म्हणजे नांदेडजवळ विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या प्रवासामुळे वृषणाच्या पिळासारख्या प्रसंगी हाताशी असलेला वेळ कमी होतो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणारा रुग्ण नळीसह घरी जातो, तेव्हा नळी बसवल्याची व बदलण्याची तारीख लेखी असणे महत्त्वाचे ठरते. अन्यथा मुदत उलटलेली नळी तशीच राहू शकते.

प्रतिबंध

नळी केवळ आवश्यकता असेल तेव्हाच, निर्जंतुक पद्धतीने बसवणे व तिच्या गरजेचा रोज आढावा घेणे हा सर्वांत प्रभावी उपाय मानला जातो. नळी व पिशवीची जोडणी बंद ठेवणे, पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकेल अशी टांगणे आणि नळी मांडीला चिकटवून तिच्यावरील ताण टाळणे, हे उपायही आवश्यक आहेत. प्रतिबंध म्हणून सरसकट प्रतिजैविके दिल्यास औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात.