एका निषेधाचा इतिहास

औषधाला पथ्य असतें, हें आपल्या घरांतील लहान मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु ज्या उपचारानें मनुष्याचे प्राण वांचविले, त्याच उपचारामुळें त्याला दुसऱ्या एका तपासणीचें दार बंद व्हावें, आणि तें पाव शतकाहून अधिक काळ बंदच राहावें, हा प्रकार विरळा. पेसमेकर बसविलेल्या हृद्‌रोग्यांच्या बाबतींत असेंच घडलें. एमआरआय या नांवानें आज सर्वांस परिचित असलेल्या तपासणीच्या खोलीबाहेर त्यांच्यासाठीं निषेधाची पाटी लागली होती. ती कां लागली व कशी उतरली, हा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण ज्यांच्या घरांत असा एखादा रुग्ण आहे, त्यांना तो उपयोगाचाहि आहे.

कथेचा आरंभ स्वीडनमध्यें होतो. ता. ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोमजवळील कॅरोलिन्स्का संस्थेंत आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या गृहस्थाच्या शरीरांत जगांतील पहिला पेसमेकर बसविण्यांत आला. त्याचें हृदय वारंवार थांबे, आणि एकाच दिवसांत अनेक वेळां त्याला शुद्धीवर आणावें लागे. शरीरांत ठेवण्याजोगें यंत्र अद्याप सिद्ध झालेलें नव्हतें. पण त्याच्या पत्नीनें आपला आग्रह सोडला नाहीं. अखेर रूने एल्मक्विस्ट या इंजिनिअरानें यंत्र रचलें व ऑके सेनिंग या शस्त्रवैद्यानें तें बसविलें. तें कांहीं तासच चाललें; मग दुसरें बसवावें लागलें. पुढें आयुष्यभरांत लार्सनला वीसांहून अधिक यंत्रें बदलून घ्यावीं लागलीं. परंतु तो २००१ सालापर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगला. त्याला जगविणारे ते दोघेहि त्याच्या आधींच निवर्तले.

दुसरा शोध याहून अगदीं निराळ्या वाटेनें आला. अणुगर्भ प्रबळ चुंबकक्षेत्रांत ठेवले असतां विवक्षित रेडिओ-लहरींना प्रतिसाद देतात, हें ब्लॉख व पर्सेल या पदार्थविज्ञान्यांनीं १९४६ सालीं दाखवून दिलें. मनुष्याच्या शरीरांत पाण्याचा अंश मोठा, व पाण्यांत हायड्रोजन; तेव्हां या प्रतिसादावरून शरीराच्या आंतील चित्र काढतां येईल, ही कल्पना १९७३ सालीं पॉल लाउटरबर यांनीं मांडली, व पीटर मॅन्सफील्ड यांनीं ती पुढें नेली. या कामाबद्दल दोघांना २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रेमंड डॅमेडियन यांनीं ३ जुलै १९७७ रोजीं मनुष्यदेहाचें पहिलें असें चित्र घेतलें, त्याला जवळजवळ पांच तास लागले. त्यानंतर थोड्याच वर्षांत हें यंत्र रुग्णालयांत आलें, आणि मेंदू व मज्जारज्जू यांचे विकार ओळखण्यास त्याच्यासारखें साधन नाहीं, असें ठरून गेलें.

हे दोन उपकार एकत्र येतांच विरोध उत्पन्न झाला. रुग्णालयांतील सामान्य एमआरआय यंत्राचें चुंबकक्षेत्र १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या तीस हजार पटींच्या घरांतील असतें. पेसमेकरमध्यें एक बारीक कळ असे, जवळ चुंबक धरतांच ती बंद होई व यंत्र हृदयाचें न ऐकतां ठराविक वेगानें ठोके देऊं लागे. डॉक्टरांच्या तपासणीच्या सोयीसाठीं ठेविलेली ही कळ एमआरआयच्या खोलींत भलत्या वेळीं ठोका देववून अनर्थ करील, ही पहिली भीति. रेडिओ-लहरींच्या गोंगाटाला यंत्र हृदयाचाच ठोका समजेल व आपलें काम थांबवील, ही दुसरी. तिसरी भीति तारेची. पेसमेकरपासून हृदयापर्यंत गेलेली तार रेडिओच्या एरियलप्रमाणें लहरी ओढून घेते, आणि जेथें तिचें टोंक हृदयाला टेकतें तेथेंच ती तापते. अशा रीतीनें तेथील स्नायू भाजला, तर पुढें ठोका पोंचेलच असें नाहीं.

ह्या भीति केवळ पुस्तकी नव्हत्या. रुग्णाच्या नाडीकडे लक्ष न ठेवितां झालेल्या तपासण्यांत मृत्यू घडल्याच्या नोंदी आहेत. तेव्हां निषेध योग्यच होता. परंतु निषेधाचा एक दोष असा कीं, तो एकदां रूढ झाला म्हणजे त्याची किंमत कोण भरतो इकडे लक्ष राहत नाहीं. ज्याच्या कण्यांत गांठ आहे किंवा ज्याच्या मेंदूंत काय बिघडलें हें कळत नाहीं, अशा वृद्ध रुग्णाला ‘तुम्हांला पेसमेकर आहे, ही तपासणी होणार नाहीं’ असें सांगून परत पाठविलें जाई. धोका टळला असें सर्वांना वाटे. पण निदान न होण्याचा धोका मात्र रुग्णाच्या पदरांत तसाच राही.

ही कोंडी दोन बाजूंनीं फुटली. एकीकडे कारखानदारांनीं यंत्रच बदललें. लोखंडाचा अंश कमी केला, तारांची रचना सुधारली, आणि तपासणीपुरती यंत्राची चाल बदलण्याची सोय केली. असा पहिला पेसमेकर अमेरिकेच्या सरकारी खात्यानें फेब्रुवारी २०११ मध्यें मान्य केला. तत्पूर्वीं २००५ सालीं अमेरिकेंतील मानक ठरविणाऱ्या संस्थेनें अशा वस्तूंचे तीन वर्ग केले होते: सुरक्षित, असुरक्षित, आणि अटींवर सुरक्षित. नवे पेसमेकर या तिसऱ्या वर्गांत पडले.

पण जुनीं यंत्रें घेऊन जगणाऱ्या लाखो लोकांचें काय? तेथें कांहीं डॉक्टरांनीं दुसरा मार्ग धरला. त्यांनीं धाडस केलें नाहीं, मोजणी केली. २०१७ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या नोंदवहीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. छाती सोडून इतर अवयवांच्या तपासण्यांत पेसमेकरचीं १,००० व झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरचीं ५०० प्रकरणें त्यांत होतीं. तपासणीमध्यें एकाहि रुग्णाचा मृत्यू झाला नाहीं, एकहि तार निकामी झाली नाहीं. एक डिफिब्रिलेटर मात्र तत्काळ बदलावा लागला. आणि तपासणीपूर्वीं त्याची योजना नियमाप्रमाणें करण्यांत आलेली नव्हती! अपयश आलें तें जेथें अट पाळली गेली नाहीं तेथें. हें एक उदाहरण साऱ्या बेरजेहून अधिक शिकवितें. पुढल्याच वर्षीं अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेनें जुन्या यंत्रांच्या रुग्णांसहि अटींवर ही तपासणी खुली केली.

अटींचें महत्त्व आपल्याकडेहि एका दुःखद प्रसंगानें पटविलें आहे. जानेवारी २०१८ मध्यें मुंबईंतील एका रुग्णालयांत प्राणवायूची टाकी घेऊन एमआरआयच्या खोलींत गेलेला एक तरुण यंत्राकडे खेंचला जाऊन मृत्यू पावला. त्याला पेसमेकर नव्हता. पण चित्र काढणें बंद असलें तरी चुंबक निजत नाहीं, एवढें त्यावरून कळावें.

मग घरच्या माणसांनीं काय करावें? पेसमेकरबरोबर मिळालेलें ओळखपत्र जपून ठेवावें व तपासणी ठरतांच तें दाखवावें. पेटी व तारा या दोहोंचीहि माहिती द्यावी, कारण नवी पेटी जुन्या तारांना जोडली असेल तर केवळ पेटीवरून निर्णय होत नाहीं. शरीरांत राहून गेलेली जुनी तार असल्यास तें आवर्जून सांगावें. तारा नुकत्याच बसविल्या असतील, तर साधारणतः सहा आठवडे थांबण्याचा प्रघात आहे. तपासणीपूर्वीं यंत्राची योजना बदलणें, ती चालू असतां नाडीवर लक्ष ठेवणें, व नंतर यंत्र पूर्ववत् करून तपासणें, हीं तिन्हीं कामें कोण करणार, हें विचारण्यांत संकोच करूं नये.

निषेध पाळणें सोपें असतें. पथ्य पाळणें कठीण. निषेधाला एक पाटी पुरते, पथ्याला मात्र दर वेळीं जागें माणूस लागतें. पेसमेकरच्या रुग्णांसाठीं ती पाटी उतरली, याचा आनंद मानावा. पण तिच्या जागीं पथ्य आलें आहे, हें विसरूं नये.